सात फुटी की आठ फुटी? पूल टेबल घेण्याआधी काठी फिरवून बघा

दुकानाच्या मोठ्या हॉलमध्ये सात फुटी आणि आठ फुटी पूल टेबल (बिलियर्ड्ससारखं, काठीने बॉल मारून खेळायचं) शेजारी शेजारी मांडलेलं असलं, तर फरक पटकन जाणवत नाही. घरी आणल्यावर तोच फूटभर फरक थेट भिंतीला जाऊन भिडतो.

गुहागरला माझ्या आतेभावाने जुन्या घराची पुढची खोली पाहुण्यांसाठी नीट करून घेतली. खोली १३ फूट बाय साडेसोळा. त्याच्या मनात आठ फुटी भरलं होतं. "टेबल बाहेरून पावणेपाच फूट रुंद, दोन्ही बाजूंना चार-चार फूट मोकळे. आरामात बसेल रे." टेबल बसलं असतं, यात शंकाच नाही. पण वाकून काठी मागे घेणारा माणूस कुठे बसवायचा?

मुळात 'सात फुटी', 'आठ फुटी' ही नुसती नावं. मोजायचं ते खेळाचं मैदान, म्हणजे एका कुशनच्या (टेबलाच्या काठावरच्या उशीसारख्या पट्टीच्या) रबरी कडेपासून समोरच्या कडेपर्यंत. सात फुटीचं ते साधारण ३९ बाय ७८ इंच, घरगुती आठ फुटीचं ४४ बाय ८८. काही ठिकाणी आठ फुटीच्याच नावाखाली ४६ बाय ९२ इंचांचं टेबलही मिळतं, म्हणून दुकानदाराला नाव नको, मैदानाचे इंच विचारा. त्यात दोन्ही बाजूंना एकेक क्यू, म्हणजे खेळायची काठी, मिळवा. नेहमीची क्यू ५८ इंचांची. सात फुटीला १२ फूट ११ इंच बाय १६ फूट २ इंच खोली लागते, आठ फुटीला १३ फूट ४ इंच बाय १७ फूट. आणि हे अगदी कमीत कमी. काठीने मारायचा पांढरा बॉल कुशनला चिकटलेला असला की काठी मागे खेचायला आणखी पाच-सहा इंच लागतातच.

हे सगळं सांगून आतेभावाला पटेना. शेवटी परसातला एक बांबू ५८ इंचांवर तोडला आणि सुतळीने जमिनीवर ४४ बाय ८८ चा चौकोन आखला. तो सुतळीच्या कडेशी वाकला, बांबू मागे घेतला आणि मागचं टोक भिंतीच्या चुन्यात खट्‌कन रुतलं. पोपडा खाली पडला तेव्हा कुठे विषय मिटला. सुतळी आत घेऊन सात फुटीचा चौकोन आखला, तेव्हा भिंतीला टेकून का होईना, बांबू मावला. कडेच्या फटक्यांसाठी ५२ इंची आखूड क्यू ठेवली की मागे खेचायलाही जागा होते. आखूड क्यू एखाद्या कोपऱ्यापुरती चालते. चारही बाजूंना तीच घ्यावी लागत असेल, तर टेबल चुकलं असं मी म्हणेन. ओटीवर मांडणार असाल तर खांबांपासूनही हेच माप घ्या.

खेळातला फरक खरा आहे, पण थोडक्यात सांगता येतो. दोन्हीकडे बॉल तेच, सव्वादोन इंचांचे. सात फुटीवर त्यांची दाटी होते, पोरांचा हात सगळीकडे पोचतो, डाव लवकर संपतो. आठ फुटीवर लांबचे फटके येतात आणि नेमातली बारीकशी चूकही उघडी पडते. मुंबईत क्लबात नऊ फुटीवर हात बसलेल्या चाकरमान्याला आठ फुटीच जवळचं वाटेल. खोली पुरत असेल तर जरूर घ्या.

एका बाबतीत मात्र आठ फुटी उलट सोपं पडू शकतं. सात फुटीची स्लेट, म्हणजे कापडाखालचा सपाट दगड, पुष्कळदा अखंड येते. इंचभर जाडीची ती शिळा दीडशे किलोच्या घरात जाते. घर पाखाडी चढून वर असेल, तर ती नेताना पायऱ्या निसरड्या नसाव्यात एवढीच प्रार्थना करावी लागते. आठ फुटीची स्लेट बहुधा तीन तुकड्यांत येते, एकेक तुकडा साठ-सत्तर किलोचा, दोघंतिघं सांभाळून नेतात. सात फुटीतही तीन तुकड्यांची मिळते. ऑर्डर देण्याआधी विचारा आणि सामान पावसाआधी घरात आणा.

वजन टाळायला एमडीएफचं (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) घेऊ का, असं बरेच जण विचारतात. रत्नागिरी पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आषाढात कपाटातल्या चपलांना बुरशी येते. त्या दमट हवेत एमडीएफ फुगतं आणि बॉल आपोआप एका बाजूला कलायला लागतो. इथे स्लेटच हवी. कापड दोन्हीकडे ओल धरतं, बॉल मंदावतात. त्याला खोलीत हवा खेळती ठेवणं आणि टेबल नीट झाकणं, एवढंच आपल्या हाती.

आतेभावाने शेवटी तीन तुकड्यांचं सात फुटी घेतलं. पण मांडण्याआधी आत्याने विचारलं, "गणपती कुठे बसणार?" मखर दरवर्षी त्याच खोलीत असतं आणि स्लेटचं टेबल चतुर्थीला उचलून बाजूला ठेवता येत नाही. उचललं तर पुन्हा लेव्हल लावायला जाणकार माणूस बोलवावा लागतो. म्हणून यंदा मखर माजघरात आणि भजनाची मंडळी ओटीवर, असं ठरलं आहे.