चौदा ते अठरा : ग्रंथालयाच्या नोंदवहीत नसलेलं वय

मे महिना लागला की तालुक्याच्या गावातल्या ग्रंथालयाच्या फलकावर दोन कागद हमखास दिसतात. एक उन्हाळी वाचन शिबिराचा : वय ८ ते १४, कथाकथन, चित्रकला, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि खाऊ. दुसरा अभ्यासिकेचा : दोन फोटो, आधार कार्डाची प्रत, महिन्याचं शुल्क आगाऊ, आत मोबाइल बंद. नववी संपवून दहावीत गेलेली मुलगी या फलकासमोर उभी राहिली, तर पहिल्या कागदाला ती मोठी होते आणि दुसऱ्या कागदाकडे तिचं अजून काही काम नसतं. किशोरवयीन मुलांसाठी ग्रंथालयांनी काय करावं, याची चर्चा सध्या पुन्हा सुरू झाली आहे. ती करताना हे दोन कागद कुठून आले आणि मधला तिसरा कागद का लागला नाही, हे बघायला हवं.

फार मागे जायची गरज नाही. रत्नागिरी १८२८, नगर १८३८, नाशिक १८४०, पुणे १८४८ ही जुन्या वाचनालयांची साखळी सगळ्यांना पाठ आहे. ती इंग्रज अधिकारी आणि नवशिक्षित मंडळींच्या पुढाकारातून उभी राहिली. मुलांचा विचार त्यात नव्हता, आणि सोळा वर्षांचं माणूस तेव्हा मूल समजलंही जात नव्हतं. तरी ही मुलं ग्रंथालयात होतीच. मुक्तद्वार वाचनालयात वर्तमानपत्रासाठी नंबर लावून उभी राहणारी, व्याख्यानमालेला मागच्या सतरंजीवर बसणारी मॅट्रिकची मुलं अनेक संस्थांच्या शताब्दी स्मरणिकांमधून भेटतात. त्यांच्यासाठी वेगळं काही केलेलं नव्हतं. मोठ्यांसाठी जे होतं, त्यात त्यांना मज्जाव नव्हता इतकंच. मुलींना मात्र तेवढीही वाट नव्हती.

१९४५मध्ये कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालय कायदा केला, १९६७मध्ये राज्याचा कायदा झाला आणि १ मे १९६८पासून तो लागू झाला. या कायद्यात ग्रंथालय कर नाही, त्यामुळे सगळी भिस्त सरकारी अनुदानावर आहे. अनुदानाचे नियम १९७०चे. आजच्या प्रश्नाचं मूळ माझ्या मते त्या नियमांत आहे. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले. वरच्या वर्गासाठी पुस्तकांची संख्या, नियतकालिकं, कामाचे तास, शिकलेला ग्रंथपाल आणि त्यासोबत महिला विभाग व बाल विभाग अशा अटी आल्या. अटीमुळे बाल विभाग उभे राहिले, हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. ती अट नसती तर निम्म्या ग्रंथालयांत मुलांसाठी एक कपाटही आलं नसतं. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान या केंद्रीय संस्थेने १९७२नंतर पुस्तकं आणि साहित्य पुरवायला सुरुवात केली, त्यातही बाल विभागासाठी मदत होती. बुटकी टेबलं, रंगीत खुर्च्या, भिंतीवर ससा-कासव असं बाल विभागाचं ठरलेलं रूप पुढे त्यातूनच रुळलं.

पण ‘बाल’ म्हणजे किती वर्षांपर्यंत? इथे जरा थांबतो, कारण पुढचा सगळा गुंता या शब्दाचा आहे.

वयाची रेघ प्रत्येक ग्रंथालयाने आपापल्या घटनेत मारली. कुठे बारा, कुठे चौदा, क्वचित सोळा. देशाच्या कायद्यांनीही या वयाचं एक नाव ठरवलं नाही. १९८६चा बालकामगार कायदा चौदा वर्षांखालच्याला बालक म्हणत होता. २००९चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदाचा. २०१५चा बालन्याय कायदा अठरापर्यंत बालक मानतो. २०१६च्या दुरुस्तीने बालकामगार कायद्यात चौदा ते अठरा असा किशोरवयीनांचा वेगळा गट आणला. २००३च्या राष्ट्रीय युवा धोरणात तेराव्या वर्षी माणूस युवा होत होतं आणि पस्तिसाव्यापर्यंत राहत होतं. २०१४च्या धोरणात ते पंधरा ते एकोणतीस झालं. आरोग्य खात्याची किशोरवयाची व्याख्या दहा ते एकोणीस. ग्रंथालयांच्या जागतिक महासंघाने १९९६मध्ये किशोरांच्या सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, २००८मध्ये ती सुधारली, त्यात साधारण बारा ते अठरा वर्षांची मुलं धरली आहेत.

मराठीत हा घोळ आणखी वेगळा आहे, कारण आपल्याकडे शब्द आहेत. खो-खोत किशोर गट चौदा वर्षांखालचा आणि कुमार गट अठराखालचा. कबड्डीत किशोर सोळाखालचे, कुमार विसाखालचे. खेळागणिक वय बदलतं, पण मैदानावर किशोर वेगळे आणि कुमार वेगळे, यात कुणाला शंका नसते. जन्मतारखेचा दाखला बघूनच मुलाला आत सोडतात. ग्रंथालयात आणि साहित्यात आलो की हेच शब्द सैल होतात. ‘बालकुमार’ असा जोडशब्द आपण तयार केला, संमेलनांना आणि पुरस्कारांना दिला, आणि कुमार बालाच्या शेपटीला बांधला गेला. १९७१मध्ये पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या राज्याच्या संस्थेने सुरू केलेल्या मासिकाचं नाव ‘किशोर’. कितीतरी पिढ्यांना त्याने वाचायला शिकवलं, त्याचं ऋण मोठं आहे. पण ते शाळकरी, चौदापर्यंतच्या मुलांचं मासिक. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला ‘किशोर विभाग’ म्हणून बोलावलं तर तो ‘ते लहानांचं असतं’ म्हणतो. ‘युवा’ म्हटलं तर नोकरी मार्गदर्शन मेळावा डोळ्यांसमोर येतो. ‘टीनएजर’ घरात चालतं, ग्रंथालयाच्या घटनेच्या कलमात चालत नाही.

हा शब्दच्छल वाटेल, पण त्याचा हिशेब काउंटरवर होतो. मी तालुक्याच्या एका ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर काही वर्षं होतो. आमच्याकडे चौदा पूर्ण झाले की बाल सभासदत्व बंद. पुढे वाचायचं तर मोठ्यांचा अर्ज, मोठ्यांची वर्गणी आणि दहापट अनामत, शिवाय जामीनदार सभासदाची सही. हा नियम कुणी वाईट हेतूने केलेला नव्हता. महागडी पुस्तकं परत येत नाहीत म्हणून केलेला होता. पण देवघेवीची जुनी कार्डं काढून बघितली तेव्हा दिसलं, की सातवी-आठवीत आठवड्याला दोन पुस्तकं नेणाऱ्या मुलांचं कार्ड एका तारखेला थांबतं आणि त्याच नावाचं मोठ्यांचं कार्ड पुढे निघालेलंच नाही. एका कार्डावर शेवटच्या नोंदीपुढे ग्रंथपालबाईंनी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘वय झाले’.

पुस्तकांचंही तेच. दाखल नोंदवहीत बालसाहित्य वेगळं आणि बाकी सगळं एकत्र. साहसकथा, विज्ञानकथा, प्रवासवर्णनं, तरुण वयातली चरित्रं मोठ्यांच्या कपाटांत वर्गवारीने विखुरलेली. त्या वयाच्या मुलाला काय हवं ते ग्रंथपालाला ठाऊक असलं तर हाती लागायचं, नाहीतर नाही.

तरीही १९७० आणि ८०चं दशक या वयासाठी चांगलं गेलं, असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं एक कारण शाळेत आहे. १९७५मध्ये नव्या (१०+२+३) आकृतिबंधातली पहिली दहावी झाली आणि पुढची दोन वर्षं कनिष्ठ महाविद्यालयाची झाली. तोवर अकरावी शाळेतच असायची, आता अकरावीतलं मूल शाळेच्या ग्रंथालयातून बाहेर पडलं. कॉलेजचं ग्रंथालय क्रमिक पुस्तकांपुरतं. मग गावच्या ग्रंथालयाकडे पावलं वळली. वक्तृत्व स्पर्धा, वादविवाद, एकांकिकांचं वाचन, बुद्धिबळ, भित्तिपत्रक आणि हस्तलिखित. यातल्या हस्तलिखिताचं मोल मला सगळ्यात जास्त वाटतं.

आमच्या कपाटात १९८०च्या आसपासचं एक आहे. एकरेघी फुलस्केप कागद, डाव्या बाजूला लाल शाईचा समास, रेक्झिनची पुठ्ठाबांधणी, वर पांढऱ्या ऑइलपेंटने घातलेलं नाव. आत एकाच हाताचं वळणदार अक्षर, कारण ज्याचं अक्षर चांगलं त्याने सगळ्यांचं उतरवून काढायचं. अनुक्रमणिकेत नऊ कविता, एक लांबलचक कथा, गावच्या बारवेची माहिती, चार शब्दकोडी. मागच्या पानावर कोणी वाचलं त्याच्या सह्या, एकशे सहा. एकच प्रत, ती ग्रंथालयात बसूनच वाचायची. लिहिणारी सगळी मुलं पंधरा ते अठरातली. कुठल्या अनुदानाच्या अटीत हा उपक्रम नव्हता. एका शिक्षकाने आणि एका लेखनिकाने तो चालवला, ते दोघं निवृत्त झाल्यावर तो थांबला. व्यक्तीवर उभा राहिलेला उपक्रम व्यक्तीबरोबर गेला. त्याची नोंद ना वार्षिक अहवालात, ना तपासणीच्या शेऱ्यात.

मग अभ्यासिका आल्या. हा निर्णय सगळ्यात वादाचा, आणि आजही मंडळांच्या बैठकांत त्यावर आवाज चढतात. आधी दहावी-बारावीच्या मुलांना परीक्षेपुरती एक खोली उघडून देणं एवढंच होतं. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसं, शेजारी टीव्ही, अशा मुलांसाठी ती खोली म्हणजे उपकार होता. दोन हजारच्या दशकात भारनियमनाने भर घातली. गावात सहा-आठ तास वीज नाही आणि ग्रंथालयात इन्व्हर्टर आहे, म्हटल्यावर मुलं तिथेच येणार. पाठोपाठ प्रवेशपरीक्षा, मग स्पर्धा परीक्षांची लाट. खोली होती तिचा हॉल झाला, हॉलमध्ये प्लायवुडचे कप्पे आले, कप्प्यांना नंबर आले.

बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला तीस हजार अनुदान मिळत होतं. २०२२मध्ये साठ टक्के वाढ झाली, तेव्हा ते अठ्ठेचाळीस हजार झालं. त्यात पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल सगळं भागवायचं. अभ्यासिकेचं शुल्क हा अनेकांना हाताशी असलेला एकमेव खात्रीचा पैसा. लोकप्रतिनिधींचा निधीही अभ्यासिकेला मिळतो, वाचनकट्ट्याला मागून बघा. आणि तिथे बसून फौजदार झालेल्या शेतमजुराच्या मुलीचा सत्कार ज्यांनी पाहिला आहे, ते अभ्यासिकेला नावं ठेवणार नाहीत. मीही ठेवत नाही.

माझं म्हणणं जागेबद्दल आहे. अभ्यासिकेला जो हॉल गेला, तो बहुतेक ठिकाणी कार्यक्रमाचा हॉल होता. वक्तृत्व, नाट्यवाचन, बुद्धिबळ तिथेच व्हायचं. अभ्यासिका शांततेवर चालते आणि पंधरा वर्षांची मुलं आवाजावर. एका इमारतीत दोन्ही बसवायचं तर वेळ वाटून द्यावी लागते, भिंत घालावी लागते. ते कष्ट फारच थोड्या मंडळांनी घेतले. बाकीच्यांनी ‘मुलं येतात ना’ म्हणून समाधान मानलं. मुलं आली, पण परीक्षार्थी म्हणून. स्वतःचं पुस्तक घरून आणायचं, खुर्चीवर बसायचं, निघून जायचं. तळमजल्यावरच्या वीस हजार पुस्तकांशी त्यांचा संबंध जिन्यापुरता.

२०१२च्या मे महिन्यात राज्यभर ग्रंथालयांची विशेष पडताळणी झाली. कागदावरची ग्रंथालयं उघडी पडली, ते आवश्यकच होतं. पण पुढची बरीच वर्षं नवी मान्यता आणि दर्जावाढ थांबली, आणि त्याचा मार चांगल्या संस्थांनाही बसला. वर्ग वाढणार नसेल, तर नवा विभाग काढायची ऊर्मी कुठून येणार? त्या काळात उपक्रम म्हणजे दिनविशेष असं समीकरण घट्ट झालं. २७ फेब्रुवारीला भाषा दिन, २०१५पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. फलक, हार, फोटो, अहवाल. शाळेतून रांगेने आणलेली मुलं फोटोपुरती पुस्तक उघडतात. त्यातूनही एखादा वाचक निघतो, पण तो दुसऱ्या दिवशी परत आला तर त्याला कुठे बसवायचं, याची सोय त्या दिवसात नसते.

२०२०च्या टाळेबंदीने दारं बंद झाली, ग्रंथालयं उघडायला ऑक्टोबर उजाडला. तोवर या वयाच्या मुलांच्या हातात ऑनलाइन शाळेसाठी फोन आला होता. १ फेब्रुवारी २०२३च्या केंद्रीय अर्थसंकल्पात बालक आणि किशोरवयीनांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली, पुढच्या वर्षी त्याचं अॅप आलं. त्यात पुस्तकांचे चार वयोगट आहेत : ३ ते ८, ८ ते ११, ११ ते १४ आणि १४ ते १८. सरकारी ग्रंथयोजनेत चौदा ते अठराला स्वतंत्र कप्पा मिळालेला मी तरी पहिल्यांदा पाहिला. मात्र ते अॅप फोनवर आहे, आणि आपल्या बहुतेक ग्रंथालयांत या वयाच्या मुलाला ज्या एका खोलीत बसू देतात, तिथे फोन दारातल्या ट्रेमध्ये ठेवावा लागतो.

आमच्या ग्रंथालयात सध्या रविवारी चार ते सहा अभ्यासिकेचा एक कोपरा या मुलांना दिला जातो. नाव मुलांनीच ठेवलं, त्यात बाल, किशोर, कुमार यातला एकही शब्द नाही. अनामत निम्मी केली, जामीनदाराची सही काढून टाकली. दोन महिने झाले, सतरा जण नियमित येतात, त्यांतल्या अकरा मुली. लेखनिकाने नोंदवहीत त्यांच्यासाठी हाताने नवा रकाना आखला आहे. वार्षिक अहवालाच्या नमुन्यात असा रकाना नाही, म्हणून मार्चअखेर ही सतरा नावं जन्मतारखा बघून बाल आणि इतर अशी वाटून लिहावी लागतील.