मागण्याचा हक्क, मागण्याचा गुन्हा

सिग्नलला गाडी थांबते, काचेवर बोटे वाजतात आणि आतला माणूस मोबाइलमध्ये डोके खुपसतो. 'चांगले धडधाकट आहेत, काम का करत नाहीत?' हिजड्यांबद्दलची ही तक्रार बरीच जुनी आहे. तृतीयपंथी हा शब्द रुळला तरी ती काही बदलली नाही.

पण हे मागणे कधीकाळी सरकारदरबारी मान्य होते. मराठी राज्यात दख्खनमधल्या काही हिजड्यांकडे इनाम जमिनी होत्या, रोख नेमणुका म्हणजे ठरलेल्या रकमा मिळत होत्या आणि ठरलेल्या गावांतून धान्य व थोडे पैसे गोळा करण्याचा हक्क होता. हे सगळे गुरूच्या पश्चात, त्याने आपलेसे केलेल्या चेल्याकडे जाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईच्या इंग्रज सरकारने हा वारसा मानणे बंद केले. मारहाण नाही, दंगा नाही. दफ्तरातून नाव गेले आणि त्याबरोबर पोटही.

पुढचा घाव १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा. त्याचा दुसरा भाग खास हिजड्यांसाठी होता आणि आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. पोलिसांनी संशयितांच्या नावांची नोंदवही ठेवायची. नोंद झालेली व्यक्ती रस्त्यावर बायकी कपड्यांत किंवा दागिन्यांत दिसली, पैशासाठी नाचली-गायली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. मृत्युपत्र करता येणार नाही, मूल दत्तक घेता येणार नाही. गुरू-चेल्याचे नाते ज्यावर उभे, नेमके तेच कापले. निजामाच्या हैदराबाद संस्थानानेही १९१९ मध्ये असाच कायदा केला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात. तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, तोही थेट २०२३ मध्ये!

मागणे मात्र टिकले. बाळ जन्मले की ढोलकी घेऊन बधाईला यायचे, बाळाला मांडीवर घेऊन गाणे म्हणायचे, नाच करायचा, आणि धान्य, साडी, पैसे घेऊन दुवा द्यायची. कोणत्या वस्तीत कोणाचे घराणे जाणार हेही ठरलेले. दुसऱ्याच्या हद्दीत मागितले तर जमातीत दंड. ज्या घरात आपल्याला एरवी उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत, तिथल्या बाळाला आशीर्वाद द्यायचा, हा व्यवहार मला नेहमीच चमत्कारिक वाटत आला आहे.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात आपली लिंगओळख आपणच ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि शिक्षण-नोकरीत आरक्षण देण्यास सांगितले. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी या खटल्यात होत्या. त्यानंतर आलेल्या तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या विधेयकाच्या आधीच्या मसुद्यांत तृतीयपंथीयांना भीक मागायला लावणे हा गुन्हा होता. म्हणजे चेल्यांच्या कमाईवर चालणारे गुरूचे घरच आरोपी ठरले असते. विरोध झाल्यावर ते कलम गळाले. २०१९च्या कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांचे ओळखपत्र आले. नोकरीतले आरक्षण आले नाही.

'काम का करत नाहीत' म्हणणाऱ्यांसाठी एक नोंद. २०२२ मध्ये महाराष्ट्रात पोलीस भरती निघाली. ऑनलाइन अर्जात पुरुष आणि स्त्री, एवढेच दोन पर्याय होते. प्रशासकीय न्यायाधिकरणाने तिसरा रकाना ठेवायला सांगितले, तर राज्य सरकार त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथे कानउघाडणी झाली, तेव्हा कुठे डिसेंबरात तो रकाना अर्जात आला.