स्टँडबायमधील बॅटरीघट (टॅबलेट)

टॅबलेटचा पडदा बंद आहे, पण टॅबलेट पूर्णपणे बंद केलेला नाही, अशा अवस्थेत त्याच्या बॅटरीतून खर्च होत राहणाऱ्या विजेला स्टँडबायमधील बॅटरीघट म्हणतात. ही घट शून्यावर आणता येत नाही. मात्र सुस्थितीतील टॅबलेटमध्ये ती रात्रभरात एखाददुसऱ्या टक्क्यापलीकडे जाऊ नये. मोबाइल फोन बहुतेक जण रोज चार्जिंगला लावतात, त्यामुळे त्यातली घट फारशी जाणवत नाही. टॅबलेट मात्र दोन-तीन दिवस टेबलावर किंवा मुलाच्या दप्तरात पडून राहतो आणि नेमका अभ्यासाला किंवा प्रवासाला हवा असतो तेव्हा उतरलेला सापडतो. पडून राहण्याच्या काळाचा त्याच्या एकूण वीजखर्चातील वाटा फोनपेक्षा मोठा असल्यामुळे टॅबलेटच्या बाबतीत ही घट रोखण्याला विशेष महत्त्व आहे.

घटीचे प्रमाण किती असावे याचा अंदाज पहिल्या आयपॅडवरून बांधता येतो. २७ जानेवारी २०१० रोजी तो जाहीर करताना स्टीव्ह जॉब्ज यांनी वापराचे १० तास आणि स्टँडबायचा एक महिन्याहून अधिक काळ असे दोन आकडे सांगितले होते. बॅटरी सुमारे २५ वॉट-तासांची होती. ३० दिवसांचे ७२० तास धरले, तर स्टँडबायमधील सरासरी खर्च जेमतेम ३५ मिलिवॉट येतो, आणि वापरातील खर्च २.५ वॉट, म्हणजे त्याच्या सुमारे ७२ पट. वापरातील खर्चात पडद्याचा वाटा मोठा असतो हे खरे. तरीही पडदा बंद ठेवून प्रोसेसर जागा राहिला, तर खर्च निद्रावस्थेतील खर्चाच्या कितीतरी पट होतो. हाच हिशेब ७,००० मिलिअँपिअर-तासांच्या अँड्रॉइड टॅबलेटला लावला, तर आठ तासांत १ टक्का घट म्हणजे सरासरी सुमारे ९ मिलिअँपिअर प्रवाह, आणि १२ टक्के घट म्हणजे सुमारे १०५ मिलिअँपिअर. पडदा बंद असताना शंभर मिलिअँपिअर ओढणारा टॅबलेट झोपलेला नसतो, त्याला कोणीतरी जागे ठेवत असते. घट कमी करण्याचे सगळे काम या जागे ठेवणाऱ्याला शोधण्याचे आहे.

निद्रावस्थेत प्रोसेसरचे बहुतेक भाग वीज तोडून बंद केले जातात. स्मृतीमधील मजकूर टिकावा म्हणून रॅम स्वतःचे स्वतः पुनर्भरण करत राहते, ३२,७६८ हर्ट्‌झच्या स्फटिकावर चालणारे घड्याळ वेळ मोजते, वीज-व्यवस्थापनाची चिप बटण दाबले जाण्याची वाट पाहते, आणि वाय-फाय चालू असेल तर त्याची चिप ठरावीक अंतराने क्षणभर जागी होऊन आपल्यासाठी काही निरोप आहे का, ते ऐकते. राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा बीकन, म्हणजे आपण हजर असल्याची आणि कोणासाठी निरोप थांबले आहेत याची छोटी सूचना, पाठवतो. प्रत्येक बीकन न ऐकता मधले काही सोडून ऐकण्याची मुभा असल्यामुळे वाय-फाय चालू ठेवूनही झोप स्वस्त पडते. याशिवाय अर्धवाहकांमधून होणारी विजेची गळती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत टॅबलेट ठेवण्यात बॅटरीचे आयुष्य घटण्याबरोबर हाही एक तोटा असतो.

अँड्रॉइडमध्ये एखाद्या अ‍ॅपला काम पुरे होईपर्यंत प्रोसेसर जागा ठेवायचा असेल, तर ते प्रणालीकडून ‘वेक लॉक’ घेते आणि काम संपताच सोडते. मोठी फाइल उतरवताना किंवा पडदा बंद करून गाणी ऐकताना ही सोय आवश्यकच असते. बिघाड होतो तो लॉक सोडायचा राहून गेल्यावर: मध्येच नेटवर्क तुटते, अ‍ॅप अनपेक्षित वळणावर जाते, आणि लॉक सोडण्याची आज्ञा असलेल्या ओळीपर्यंत ते पोहोचतच नाही. या दोषाला ‘नो-स्लीप बग’ म्हणतात. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ च्या सुमारास त्याचा सविस्तर अभ्यास केला. वेक लॉकची कल्पना, अँड्रॉइड ज्यावर उभे आहे त्या लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) घ्यावी की नाही यावर २००९-१० मध्ये बराच वाद झाला होता आणि २०१२ च्या ३.५ या आवृत्तीत ती ‘ऑटोस्लीप’ या बदललेल्या रूपात आली.

लॉक अडकून राहिला नाही, तरी वारंवार होणाऱ्या छोट्या जागरणांनी तेवढेच नुकसान होऊ शकते. समजा, झोपेत प्रवाह ५ मिलिअँपिअर आहे आणि एखादे हवामानाचे किंवा बातम्यांचे अ‍ॅप दर मिनिटाला दोन सेकंद टॅबलेट जागा करते, त्या दोन सेकंदांत प्रवाह १५० मिलिअँपिअर होतो. सरासरीत ही भर आणखी ५ मिलिअँपिअरची पडते, म्हणजे मिनिटातील केवळ दोन सेकंदांनी स्टँडबायचा काळ निम्म्यावर येतो. अशी तीन-चार अ‍ॅप्स आपापल्या वेळी उठू लागली, की रात्रीचा हिशेब पार बिघडतो.

ही विखुरलेली जागरणे एकत्र करणे हे अँड्रॉइडच्या पुढील आवृत्त्यांचे मुख्य धोरण राहिले. २०१४ च्या लॉलिपॉपमध्ये (५.०) तातडीची नसलेली कामे एकगठ्ठा करण्याची ‘जॉब शेड्युलर’ ही सोय आली. २०१५ च्या मार्शमेलोमध्ये (६.०) ‘डोझ’ आले: टॅबलेट चार्जिंगला नसेल, हलत नसेल आणि पडदा काही काळ बंद असेल, तर अ‍ॅप्सचे नेटवर्क तोडले जाते, त्यांचे वेक लॉक दुर्लक्षिले जातात, त्यांनी स्वतःच्या कामांसाठी लावलेले वेळेचे इशारे पुढे ढकलले जातात आणि अधूनमधून थोड्या वेळाची खिडकी उघडून सर्वांची कामे एकदम उरकून घेतली जातात. खिडक्यांमधील अंतर हळूहळू वाढत जाते. टेबलावर निश्चल पडलेल्या टॅबलेटला ही योजना अगदी सोयीची आहे. दप्तरात हलणाऱ्या उपकरणासाठी २०१६ च्या नूगाटने (७.०) डोझचा सौम्य प्रकार दिला. २०१७ च्या ओरिओने पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवांवर आणि स्थान विचारण्यावर मर्यादा घातल्या, तर २०१८ च्या पायने (९) अ‍ॅप्सची त्यांच्या वापरानुसार वर्गवारी करून क्वचित उघडल्या जाणाऱ्या अ‍ॅप्सना कमी संधी देण्यास सुरुवात केली. यामुळे नव्या टॅबलेटमध्ये अवाजवी घट दिसली, तर बहुधा कोणीतरी या व्यवस्थेतून सूट मिळवलेली असते. ‘बॅटरी ऑप्टिमायझेशन’मधून वगळलेल्या अ‍ॅप्सची यादी म्हणूनच सर्वांत आधी तपासावी.

कारण टॅबलेटच्या बाहेरही असू शकते, आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. घरातील टीव्ही, प्रिंटर, स्पीकर अशी उपकरणे एकमेकांना शोधण्यासाठी साऱ्या नेटवर्कला उद्देशून निरोप पाठवतात आणि ते निरोप झोपलेल्या टॅबलेटच्या वाय-फाय चिपपर्यंतही पोहोचतात. चिपने ते परस्पर गाळले नाहीत, तर प्रोसेसरला उठावे लागते. आयपीव्ही६ (इंटरनेटवरील पत्त्यांची नवी पद्धत) वापरणारे काही राउटर आपल्या अस्तित्वाची घोषणा गरजेपेक्षा फार वेळा करतात. त्यामुळे बॅटरीवरील उपकरणांचा होणारा खर्च कमी करण्यासाठी इंटरनेटचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या इंटरनेट इंजिनीअरिंग टास्क फोर्सने २०१६ मध्ये राउटरसाठी स्वतंत्र शिफारशी केल्या. एकच टॅबलेट एका घरात रात्रभरात बरीच बॅटरी खातो आणि दुसऱ्या घरात जवळजवळ काहीच खात नाही, असे दिसले तर राउटरवर संशय घ्यावा. सिम कार्डाच्या टॅबलेटमध्ये कमकुवत सिग्नल हे मोठे कारण ठरते. रिचार्ज संपलेले सिम आत राहिले, तरी मोडेम नेटवर्कशी संबंध ठेवत राहतो. असे सिम काढून ठेवणे उत्तम.

निदानासाठी सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे ओळीने तीन रात्री केलेली तुलना. पहिल्या रात्री टॅबलेट नेहमीसारखा ठेवावा, दुसऱ्या रात्री विमान मोडमध्ये, आणि तिसऱ्या रात्री पूर्ण बंद करून. तिन्ही वेळा जागा तीच असावी आणि चार्ज ८० टक्क्यांच्या आसपास असावा, कारण पूर्ण भरलेल्या बॅटरीचे सुरुवातीचे एक-दोन टक्के मोजमापात भरवशाचे नसतात. प्रणालीचे अद्ययावतीकरण नुकतेच झाले असेल, तर एक-दोन दिवस थांबावे; त्या काळात आतील कामे जास्त असतात. विमान मोडमध्ये घट थांबली, तर दोष नेटवर्ककडे आहे: खात्यांचे सिंक, सतत संपर्कात राहणारे अ‍ॅप, राउटर किंवा सिम. विमान मोडमध्येही ती कायम राहिली, तर कारण टॅबलेटमध्येच आहे. एक रात्र सेफ मोडमध्ये ठेवल्यास आपण टाकलेली अ‍ॅप्स बंद राहतात आणि दोष त्यांचा की मूळ प्रणालीचा, हे कळते. मेमरी कार्डावरील खराब फाइलमुळे माध्यमांची नोंद घेणारी सेवा अडकून पडते, हे जुन्या टॅबलेटमधील नेहमीचे दुखणे आहे. कार्ड काढून ते लगेच पडताळता येते. पूर्ण बंद असतानाही चार्ज लक्षणीय उतरत असेल, तर बॅटरी किंवा आतील सर्किट तपासून घ्यावे लागते.

सेटिंग्जमधील बॅटरीची यादी वाचताना सावधगिरी हवी. तिच्यातील टक्के बहुधा झालेल्या खर्चातील वाटा दाखवतात, बॅटरीच्या क्षमतेचा नव्हे. ‘गूगल प्ले सेवा’ किंवा ‘अँड्रॉइड सिस्टिम’ हे नाव वर दिसले, तरी ते काम अनेकदा दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपसाठी केलेले असते. ज्यांना संगणक जोडून पाहणे जमते, त्यांनी एडीबी या अँड्रॉइडच्या तपासणी-साधनाच्या साहाय्याने ‘बॅटरीस्टॅट्स’चा अहवाल काढावा, कोणत्या अ‍ॅपने किती वेळ वेक लॉक धरला, हे त्यात नावानिशी मिळते.

उपायांचा क्रमही या निदानावर ठरतो. दोषी अ‍ॅप सापडले, की त्याचा पार्श्वभूमीतील वापर ‘प्रतिबंधित’ करावा किंवा ते काढून टाकावे. सॅमसंगच्या टॅबलेटमध्ये ते ‘डीप स्लीपिंग’ यादीत टाकता येते. टॅबलेटवर नको असलेल्या ईमेल खात्यांचे सिंक बंद करावे. तेच निरोप फोनवर येत असताना टॅबलेटला प्रत्येकासाठी उठवण्यात अर्थ नाही. स्थानाच्या सेटिंगमध्ये वाय-फाय व ब्लूटूथ स्कॅनिंगचे वेगळे पर्याय असतात आणि वाय-फाय बंद केल्यावरही ते चालू राहू शकतात. जोडउपकरणांचाही विचार करावा: मागे चिकटवून चार्ज होणारे पेन किंवा टॅबलेटवरच चालणारा कीबोर्ड वीज टॅबलेटकडूनच घेतो, आणि चुंबकी कव्हर नीट बसत नसेल तर दप्तरातल्या दप्तरात पडदा पुनःपुन्हा उजळतो.

अलीकडची सर्व अ‍ॅप्स सरकवून बंद करण्याची सवय मात्र सोडून द्यावी. झोपलेल्या टॅबलेटच्या रॅममध्ये नुसते पडून असलेले अ‍ॅप जवळजवळ काहीच वीज खात नाही. ते बंद करून पुन्हा उघडले, की सर्व मजकूर नव्याने वाचावा लागतो आणि खर्च वाढतो. हेच काम करणारी ‘बॅटरी वाचवणारी’ अ‍ॅप्स स्वतःच पार्श्वभूमीत जागी राहतात, त्यामुळे त्यांच्यापासून लांब राहणेच हिताचे.

आयपॅडमध्ये अ‍ॅप्सच्या पार्श्वभूमीतील कामावर आरंभापासून कडक बंधने आहेत. तेथे २०१३ च्या आयओएस ७ पासून आलेले ‘बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेश’ आणि मेल आणण्याची वारंवारता, एवढे दोन पर्याय तपासले तरी बरेच काम होते. विंडोज टॅबलेटमध्ये २०१२ च्या विंडोज ८ ने आणलेला ‘कनेक्टेड स्टँडबाय’ आणि त्याचा विंडोज १० मधील ‘मॉडर्न स्टँडबाय’ हा विस्तार निद्रेतही नेटवर्क टिकवून ठेवतो. त्याचा खर्च जास्त आढळल्यास विंडोजमधील पॉवरसीएफजी या आज्ञेचा ‘स्लीप स्टडी’ अहवाल पाहावा, किंवा ठरावीक वेळेनंतर हायबरनेट होण्याची (रॅममधील मजकूर साठवणीत उतरवून जवळजवळ बंद होण्याची) मांडणी करावी.

टॅबलेट पूर्ण बंद करणे केव्हा परवडते, हेही मोजता येते. सुरू होताना दोन मिनिटे ३ वॉट खर्च झाले असे धरले, तर ०.१ वॉट-तास लागतात, आणि ३५ मिलिवॉटच्या झोपेत तेवढी वीज सुमारे तीन तासांत जाते. सुरू झाल्यानंतरचे सिंक धरले तरी एक-दोन दिवस हात लागणार नसेल, तर बंद करणे फायद्याचे ठरते. बॅटरी जुनी होऊन तिची क्षमता घटली, की तितकाच प्रवाह अधिक टक्क्यांची घट दाखवतो, हेही ध्यानात ठेवावे. उन्हाळी सुटीत शाळेच्या कपाटात राहणाऱ्या टॅबलेटसारखे उपकरण महिनोन्‌महिने ठेवायचे असेल, तर स्टँडबायमध्ये सोडू नये. बॅटरी पार उतरून लिथियम-आयन सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) सुरक्षित मर्यादेखाली गेला, की संरक्षक सर्किट तिला तोडते आणि पुढे ती कधी चार्ज न होण्याचा संभव असतो. अ‍ॅपल अशा वेळी बॅटरी निम्मी भरून उपकरण बंद करण्याचा, ते ३२ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाच्या कोरड्या जागी ठेवण्याचा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा निम्मे चार्ज करण्याचा सल्ला देते.