दंडारीचं गाणं नेमकं कोणाचं? कॉपीराइटची मागची गोष्ट

दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, आमच्या दंडारीचा (नाचगाण्याच्या लोकनाट्याचा) व्हिडिओ काढला, नेटवर टाकला, अन् दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर कॉपीराइटचा क्लेम. एक म्युझिक कंपनी म्हणते गाणं आमचं. आता हे गाणं माझ्या आज्यानं त्याच्या मामाकडून उचललेलं, कंपनीचं कधी झालं? ढोलकीवाले काका म्हणे, "काऊन बे, आता आपलंच गाणं गायचे पैसे द्या लागन काय?" म्हणून थोडं वाचलं, ते इथं टाकून राहिलो.

कॉपीराइटचा पहिला कायदा इंग्लंडात १७१० साली झाला. छापखाने सुरू होते, एकाचं पुस्तक दुसराच छापून विके, म्हणून नव्या पुस्तकाला १४ वर्षं हक्क, अन् तोवर लेखक जिवंत असला तर अजून १४. म्हणजे मुळातच हा मामला कागदाचा अन् एका नावाचा. ज्या गाण्याला चार पिढ्यांनी चार कडवी जोडली, ते या हिशेबात तेव्हाही बसलं नाही, आजही बसत नाही.

आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनं १८४७ ला कायदा आणला, मग १९१४ ला इंग्लंडचाच १९११ चा कायदा थोडा कापून-शिवून लावला. स्वतःचा कायदा १९५७ चा, लागू २१ जानेवारी १९५८ पासून, अन् ठिगळं लावत लावत तोच चालू आहे. त्यात लेखक गेल्यावर ५० वर्षं हक्क होता, त्याचे ६० झाले ते रवींद्रनाथ टागोरांमुळे. ते गेले १९४१ ला, १९९१ संपलं की हक्क सुटणार, ते हक्क ज्यांच्याकडे त्या विश्वभारती संस्थेचा जीव टांगणीला, मग सरकारनं सगळ्यांसाठीच १० वर्षं वाढवून टाकली. याच हिशेबानं तुकडोजी महाराजांचं लेखन, महाराज १९६८ ला गेले म्हणून, २०२८ संपेपर्यंत हक्कात राहतं. (लग्नाच्या वरातीत गाणं वाजवलं तर कायदा अडवत नाही, बँडवाल्यांनी निवांत राहावं.)

आमच्या कामाची दुरुस्ती १९९४ ची. तिच्यात गाणारा, नाचणारा, वाजवणारा यालाही स्वतःचा हक्क मिळाला, गाणं त्यानं लिहिलेलं नसलं तरी. आधी २५ वर्षं होता, १९९९ ला ५० केला. म्हणजे काकांना न विचारता त्यांची ढोलकी रेकॉर्ड करून कोणी विकली तर काका आडवे येऊ शकतात. जुन्या गाण्यावर कंपनीचा हक्क नाही, तिच्या रेकॉर्डिंगवर मात्र ६० वर्षं आहे. आमच्या व्हिडिओत आवाज आमचा, ढोलकी आमची, गाणी जुळवून पाहणाऱ्या साइटच्या मशीनला चाल सारखी वाटली असन, दुसरं काय.

अन् झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकवाल्यांनी तर हे वाचाच. आमच्याकडचे एक लेखक नाटकाची वही मंडळाला तोंडी सौद्यावर देतात, चहा झाला की सौदा पक्का. पण कायद्यात हक्क द्यायचा तर लेखी अन् सहीनिशी द्यावा लागतो, अन् त्या कागदात मुदत लिहिली नसली तर ५ वर्षांचाच धरतात. म्हणजे इतकी वर्षं वह्या गेल्या, हक्क त्यांच्याकडेच पडून होते अन् त्यांनाच पत्ता नाही! नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं की हक्क लागला, पण भांडण झालं तर पुरावा लागतोच. हे सांगितल्यापासून ते वहीच्या पहिल्या पानावर नाव, तारीख टाकून सही करतात.

क्लेमवर मी हरकत टाकली, काही दिवसांनी निघाला. काका अजून विचारतात, "मंग कंपनीनं आपल्याले काई देल्लं का नाई?"