लोखंड वितळत नाही, पण सांधा सुटतो

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांत हे हमखास ऐकू येतं: ‘शेड लोखंडी आहे, आगीत लोखंड थोडंच वितळतंय!’ खरंय, नाहीच वितळत. पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश लागतात. पण शेड पडायला ते वितळावं कशाला लागतं? ६०० अंशांना पोलादाची निम्मी ताकद जाते, सांधे जोडणाऱ्या हाय-टेन्साइल (जास्त ताकदीच्या) बोल्टांची तर पाऊण. सुताच्या गठ्ठ्यांनी पेट घेतला की तिथवर पोचायला वेळ लागत नाही.

दुसरा समज जास्त घातक: आग विझली, धोका टळला. तापताना १० मीटरची तुळई ७-८ सेंटिमीटर वाढते आणि सांध्यांना रेटते. मग मऊ पडून झोळीसारखी लोंबते. गार होताना आखडते, पण झोळ काही पुरता जात नाही. मग सगळी ओढ सांध्यांवर. १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये कार्डिंग्टनला ८ मजली पोलादी इमारतीत मुद्दाम आगी लावून पाहिल्या, तेव्हा सांध्यांच्या काही प्लेटा तडकल्या त्या निवताना. म्हणून बंब परतले की लगेच माल काढायला आत घुसू नका (घाई सगळ्यांनाच असते). आधी इंजिनिअरला नटबोल्ट बघू द्या.