कार्बाइनमध्ये कुठली गोळी? स्टर्लिंगपासून नव्या ऑर्डरपर्यंतची पार्श्वभूमी

नाकाबंदीला पोलिसाच्या खांद्यावर ती बुटकी काळी बंदूक, जिचं मॅगझिन खाली नाही तर डावीकडे आडवं निघतं, ती बहुतेकांनी पाहिलेली असते. लोक सरसकट स्टेनगन म्हणतात पण ती ९ एमएम कार्बाइन, मूळची ब्रिटिश स्टर्लिंग. जॉर्ज पॅचेट नावाच्या माणसाचं डिझाइन, ब्रिटिश आर्मीने १९५३ मध्ये घेतलं, आणि साठच्या दशकात आपल्याकडे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनायला लागलं. आता आर्मीसाठी चार लाखांवर नव्या कार्बाइन घ्यायचं ठरलंय तर सगळी चर्चा कंपनी कुठली, किंमत किती, डिलिव्हरी कधी यावर. खरा जुना वाद वेगळाच आहे, आत गोळी कुठली घालायची. बंदूक बदलणं त्यामानाने सोपं असतं हो, गोळी बदलली की कारखाना, गोदामं, सरावाचा कोटा, सगळंच बदलावं लागतं.

आधी थोडं गणित, कंटाळवाणं आहे पण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. ९ बाय १९ ची (पहिला आकडा गोळीचा व्यास, दुसरा पुंगळीची, म्हणजे दारू भरलेल्या नळकांडीची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये) गोळी साधारण ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३७० मीटरच्या आसपास. म्हणजे जड पण सावकाश, मूळ पिस्तुलाचीच गोळी ती, थोडी दारू, आखूड नळीतच जळून जाते. ५.५६ बाय ४५ ची गोळी फक्त ४ ग्रॅम, पण २० इंची नळीतून निघताना वेग ९०० च्या वर. ताकद काढली तर पहिलीची साडेपाचशे ज्यूलच्या आगेमागे आणि दुसरीची सतराशेच्या वर, तिपटीहून जास्त. मग तीच घाला की कार्बाइनमध्ये! इथेच गोम आहे. त्या दारूला जळायला नळीची लांबी लागते, आणि कार्बाइन म्हणजे मुळात लांबी कापलेलीच वस्तू.

ब्रिटिशांनी ९ एमएम घेतली तीही काही फार विचार करून घेतली असं नाही. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या डंकर्कहून सैन्य परतलं ते बहुतेक सगळी शस्त्रं तिकडेच टाकून, जर्मन येतील या धाकात स्वस्तात, पटकन, पत्रा ठोकून बनेल अशी गन हवी होती, ती १९४१ ची स्टेन. ९ एमएम ही मूळ जर्मन गोळी, लुगर पिस्तुलाची, त्यामुळे शत्रूकडून हाती लागलेली पेटीही चालणार होती. स्टर्लिंग त्याच घराण्यातली, तिने तीच गोळी पुढे चालवली आणि ती आपल्यापर्यंत आली.

अमेरिकनांनी तेव्हाच दुसरा रस्ता धरला होता. ड्रायव्हर, तोफखान्यातले, सिग्नलवाले यांना रायफल जड होते आणि पिस्तुलाने नेम लागत नाही, म्हणून त्यांनी मधलीच एक नवी गोळी काढली, ७.६२ बाय ३३, आणि तिच्यासाठी एम-वन कार्बाइन. युद्धात साठ लाखांवर बनल्या. कल्पना झकास होती पण त्या एका बंदुकीसाठी वेगळी गोळी बनवून जगभर पोचवायची ऐपत तेव्हा अमेरिकेचीच होती, बाकीच्यांना ते झेपणारं नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे पुण्यात पुन्हा हाच प्रश्न येतो.

तिसरा रस्ता म्हणजे आहे ती रायफल घ्या आणि नळी कापा. व्हिएतनाममध्ये एम-१६ ची नळी २० इंचांवरून १० इंचांवर आणली, जंगलात आणि हेलिकॉप्टरमधून उतरताना सुटसुटीत म्हणून. झालं काय, गोळी बाहेर पडली तरी दारू जळतच होती, त्यामुळे तोंडाशी आगीचा मोठा गोळा, रात्री चालवणाऱ्याचेच डोळे दिपायचे, आणि आवाज असा की सुतळी बॉम्ब कानाशी धरून फोडल्यासारखा. मग तोंडावर जाडजूड नळकांडं बसवलं, नळीही साडेअकरा इंच केली. आणखी एक भानगड कमी लोकांना माहीत असते, ती गॅसची. अशा रायफलमध्ये नळीला एक बारीक भोक असतं, त्यातून थोडा गॅस मागे येऊन पुढची गोळी भरतो. नळी कापली की ते भोकही मागे सरकवावं लागतं, तिथे दाब जास्त, आणि भोक ओलांडल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंत वेळ अगदीच कमी. म्हणून अशा गनचे सुटे भाग लवकर झिजतात, कधी रिकामी पुंगळी आतच अडकते.

आणि वेग घटतो तो वेगळाच. ५.५६ चं सगळं नाव त्या वेगावर. वेग पुरेसा असला तर जुनी गोळी आत गेल्यावर आडवी होऊन तुटते, नसला तर बारीक भोक पाडून आरपार. दहा इंची नळीतून तो वेग काही थोड्या मीटरांतच संपतो. १९९३ ला सोमालियातल्या मोगादिशूत आखूड कार्बाइन वापरणाऱ्या अमेरिकन सैनिकांची तक्रार हीच होती की गोळी लागूनही माणूस पडत नाही. रशियनांनीही एके-७४ ची नळी जेमतेम २०६ मिलिमीटरवर आणून पुढे फुगीर डबा बसवलाच होता, म्हणजे दुखणं सगळीकडे तेच.

आता आपल्याकडे. ऐंशीच्या दशकापर्यंत जवानाकडे ७.६२ ची एसएलआर रायफल आणि ज्याला लांब रायफल नको त्याच्याकडे ९ एमएम कार्बाइन अशी जोडी. श्रीलंकेत शांतिसेना गेली तेव्हा समोर एलटीटीईकडे एके घराण्यातल्या रायफली, त्यांच्यापुढे ही जोडी कमी पडते हे चांगलंच दिसलं. काश्मीर पेटल्यावर परदेशातून एके आणल्या, आणि जे काम कार्बाइनचं ते प्रत्यक्षात एकेच करायला लागली. कागदावर मात्र मोठी योजना चालू होती, पुण्यात पाषाणच्या एआरडीईची, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेची, इन्सास. एकच गोळी ५.५६ बाय ४५ आणि तिच्यावर तीन बंदुका, रायफल, एलएमजी (हलकी मशीनगन) आणि कार्बाइन. जवानाने कुठलीही उचलली तरी गोळी तीच, कल्पना म्हणून छानच. रायफल आली, एलएमजी आली, कार्बाइन अडली, कारण वर सांगितलं तेच, नळी आखूड केल्यावर धक्का, भडका, आवाज.

मग एआरडीईने जे केलं ते मला स्वतःला फार आवडतं. नळी वाढवता येत नाही ना, मग पुंगळीच छोटी करू. ५.५६ बाय ३०, म्हणजे गोळीचा व्यास तोच, पुंगळी १५ मिलिमीटरने कमी, दारू थोडी, आणि ती आखूड नळीत बऱ्यापैकी जळते. त्यावर बांधली जेव्हीपीसी ही कार्बाइन, आधी तिला एमएसएमसी म्हणायचे. वजन सुमारे ३ किलो, मिनिटाला ७०० च्या वर राउंडचा वेग, १०० मीटरच्या पुढे परिणामकारक. बंदूक कानपूरला, गोळ्या खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत, तीच १८६९ पासूनची. ७ डिसेंबर २०२० ला शेवटच्या युजर ट्रायलही पास झाल्या, गृहखात्याच्या त्याआधीच झालेल्या.

बाहेरही तेव्हा असंच चाललं होतं. बुलेटप्रूफ जॅकेट सर्रास झाल्यावर ९ एमएम त्यात अडकायला लागली, म्हणून १९८९ च्या सुमारास नाटोने नवी छोटी पण जॅकेट भेदणारी गोळी मागितली. बेल्जियमच्या एफएनने ५.७ बाय २८ आणि पी-९० आणली, जर्मन हेकलर अँड कॉकने ४.६ बाय ३० आणि एमपी-७. नाटोने चाचण्या घेतल्या, जर्मनांना निकाल पटला नाही, प्रमाणीकरण रखडलं, आणि ५.७ ला नाटोचा शिक्का मिळाला तो थेट २०२१ मध्ये. तोवर अर्ध्या फौजांनी कंटाळून आखूड ५.५६ च घेऊन टाकली होती.

पोलिसांचं गणित आर्मीपेक्षा निराळं असतं हे मात्र सांगितलं पाहिजे. त्यांना गोळी आरपार जाऊन मागच्याला लागण्याची भीती जास्त, म्हणून ओलीस सोडवणाऱ्या पथकांनी वर्षानुवर्षं ९ एमएमची एमपी-५ धरून ठेवली, १९८० मध्ये लंडनच्या इराणी दूतावासातल्या कारवाईनंतर तर तिची क्रेझच झाली, आपल्या एनएसजीकडेही तीच. मग २८ फेब्रुवारी १९९७ ला लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलीवूडमध्ये दोन दरोडेखोर अंगभर जॅकेट चढवून बँकेतून बाहेर आले, पोलिसांच्या पिस्तुलाच्या गोळ्या त्यांना भेदेनात, शेवटी पोलिस जवळच्या बंदुकीच्या दुकानातून रायफली घेऊन आले. तिथून अमेरिकन पोलिसांच्या गाडीत ५.५६ आली. त्यांच्या चाचण्यांत असंही दिसलं की हलकी ५.५६ घरातल्या भिंतीत गटांगळ्या खाऊन तुटते आणि ९ एमएम उलट जास्त भिंती पार करते. पण त्यांच्या भिंती जिप्समच्या हो! आपल्याकडे एक तर विटांची भिंत नाहीतर चाळीतलं लाकडी पार्टिशन नाहीतर नुसता पत्रा, त्यामुळे तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावणं मला धोक्याचं वाटतं.

मुंबईपुरतं बोलायचं तर २६/११ ला सीएसटीवर दोघांच्या हातात एके आणि समोर पोलिसांकडे लाठ्या नि थ्री नॉट थ्री. पुढच्या वर्षी राज्य पोलिसांचं फोर्स वन हे कमांडो पथक उभं राहिलं, चांगली हत्यारं आली. साध्या पोलिस ठाण्यापर्यंत बदल पोचायला वेळ लागतो, आणि त्यात बंदुकीइतकाच सरावाच्या राउंडचाही प्रश्न असतो. ९ एमएम पिस्तुलालाही चालते, एकाच पेटीतून दोन्ही भागतात, म्हणून ती टिकून आहे. तिच्यावर हसणारे हे विसरतात.

आर्मीची खरेदी दरम्यान लोंबकळतच होती. ४४ हजारांवर कार्बाइनचं टेंडर एकच कंपनी उरली म्हणून २०१६ मध्ये रद्द, मग फास्ट ट्रॅकवर ९३,८९५ ची खरेदी, त्यात यूएईची काराकल पहिली आली, तेही २०२० मध्ये रद्द. शेवटी जुलै २०२२ मध्ये चार लाखांवर कार्बाइन देशातच घ्यायला मंजुरी मिळाली. २०२५ मध्ये सगळ्यात कमी बोली पुण्याच्या भारत फोर्जची, आणि गंमत म्हणजे त्यांची कार्बाइनही एआरडीईच्याच डिझाइनची. गोळी मात्र ५.५६ बाय ४५. म्हणजे ज्या प्रयोगशाळेने आखूड नळीसाठी खास छोटं काडतूस काढलं तिचीच दुसरी बंदूक मोठ्या काडतुसावर निवडली गेली. मला यात आश्चर्य वाटत नाही. मधल्या काळात मझल डिव्हाइस, म्हणजे नळीच्या तोंडावरचं ते नळकांडं, आणि गॅस सिस्टिम सुधारल्या, ४५ ची पुंगळी आता पूर्वीइतका त्रास देत नाही, आणि ती गोळी भुसावळजवळच्या वरणगाव फॅक्टरीत वर्षानुवर्षं बनतेच आहे, बाहेरूनही हवी तेवढी मिळते. बाय ३० बनवणारं जगात दुसरं कोण? जेव्हीपीसी वाईट म्हणून मागे पडली नाही, तिचं काडतूस एकटं पडलं. आता ती काही केंद्रीय सशस्त्र दलांकडे आणि राज्य पोलिसांकडे आहे, तेवढ्या मागणीवर खडकीची ती लाइन किती चालते त्यावर पुढचं अवलंबून.