सेनानेतृत्व : गुण व दोष

सैन्याला उद्दिष्ट नेमून देणे, त्यासाठी माणसे, रसद आणि वेळ यांची जुळणी करणे आणि ऐन लढाईत निर्णय घेऊन ते अमलात आणणे या कार्यास सेनानेतृत्व म्हणतात. चांगल्या आणि वाईट सेनानींतला भेद लोकसमजुतीत शौर्यावर ठरतो. युद्धेतिहासातून मात्र वेगळेच चित्र उभे राहते. पराभव ओढवलेल्या सेनानींत भित्रे थोडेच आढळतात. नेसरीच्या प्रतापराव गुजरांच्या किंवा पानिपतच्या सदाशिवरावभाऊंच्या धैर्याबद्दल कोणीही शंका घेतलेली नाही. जयपराजय हाही पुरता निकष नव्हे. १९४२ मध्ये रंगून पडल्यावर विल्यम स्लिम यांच्या हाती ब्रह्मदेशातील ब्रिटिश-भारतीय फौज आली आणि तिला घेऊन ते मागे हटत भारताच्या सीमेपर्यंत आले. त्या वेळी ते हरलेलेच होते. पण फौज फुटली नव्हती, आणि १९४४-४५ मध्ये त्याच प्रदेशात त्यांनी जपानी सैन्याचा निर्णायक पराभव केला. हरल्यानंतर फौज कोणत्या अवस्थेत उरते, यावरून सेनानीची परीक्षा अधिक नेमकी होते.

प्राचीन विचार

या विषयाची भारतातील सर्वांत तपशीलवार मांडणी कौटिलीय अर्थशास्त्रात आहे. ग्रंथाच्या काळाबद्दल एकमत नाही. परंपरेने तो चंद्रगुप्त मौर्याच्या अमात्याचा, म्हणजे इ. स. पू. चौथ्या शतकाच्या अखेरचा मानतात. मुंबई विद्यापीठासाठी त्याची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करणारे रा. पं. कंगले यांचा कल याच मताकडे होता. थॉमस ट्राउटमन यांनी १९७१ मध्ये शब्दांच्या वारंवारतेची मोजदाद करून ग्रंथ एकाहून अधिक हातांचा असल्याचे प्रतिपादन केले. पॅट्रिक ऑलिव्हेल मूळ रचना इसवी सनाच्या आरंभाच्या मागेपुढे ठेवतात. निदान लष्करी प्रकरणांपुरते तरी अनेक स्रोतांचे मत अधिक पटण्याजोगे आहे. पाचव्या अधिकरणात (म्हणजे ग्रंथाच्या भागात) सेनापतीचे वेतन मंत्री व युवराज यांच्या बरोबरीने ४८,००० पण (त्या काळचे नाणे), तर नायकाचे १२,००० पण सांगितले आहे. दहाव्या अधिकरणात उतरंड नेमकी उलटी आहे : दहा अंगांवर एक पदिक, दहा पदिकांवर एक सेनापती आणि दहा सेनापतींवर एक नायक. अंग म्हणजे हत्ती वा रथ व त्याच्या सोबतची माणसे असा अर्थ सामान्यतः घेतात. पहिली व्यवस्था दरबाराची आणि दुसरी रणांगणाची, असे म्हणून हा विरोध मिटवण्याचा प्रयत्न झाला आहे. परंतु एकाच लेखकाने एकच पदनाम दोन पायऱ्यांवर खुलासा न करता वापरले असते, हे संभवनीय वाटत नाही.

सेनापतीकडून ग्रंथाच्या अपेक्षा व्यावहारिक आहेत. सर्व शस्त्रांचे व वाहनांचे शिक्षण हवेच. शिवाय त्याने आपल्या सोयीची जमीन, लढण्याची वेळ, समोरची फौज, कूच करण्याचा मोसम आणि आपली विस्कटलेली फळी पुन्हा कशी सांधता येईल हे पाहावे. वाद्यांचे घोष, ध्वज व पताका यांचे संकेत आधीच ठरवावेत, म्हणजे पांगणे, एकवटणे, थांबणे, वळणे व हल्ला करणे हे हुकूम गोंगाटातही पोचतात.

याहून मोलाचे प्रकरण आठव्या अधिकरणातील बलव्यसनांचे आहे. त्यात सैन्यावरील तीसहून अधिक आपत्ती जोडीजोडीने तोलल्या आहेत. कोणत्या आपत्तीतली फौज अजून लढू शकते आणि कोणती नाही, हा कस लावलेला आहे. अमानित, म्हणजे मान न मिळालेली फौज, मान दिल्यावर लढते. विमानित, म्हणजे अपमानित फौज, आतून धुमसत असल्याने लढत नाही. पगार थकलेली फौज हातावर पैसे ठेवताच लढते, रोगाने पोखरलेली लढत नाही. स्त्रियांचा परिवार सोबत असलेली फौज तो परिवार दुसरीकडे ठेवून लढू शकते. आत शत्रूचे हस्तक असलेली लढू शकत नाही. धान्य तुटलेली फौज दुसरीकडून धान्य आणून लढते. भिन्नकूट, म्हणजे नायक पडलेली फौज, दुसऱ्याच्या हाताखाली लढू शकते; ‘अन्ध’, म्हणजे वाट दाखवणारा नसलेली, लढत नाही. वरकरणी ही सैन्याच्या अवस्थांची यादी असली, तरी जवळजवळ प्रत्येक अवस्था सेनानीच्या कृतीतून किंवा हयगयीतून उद्भवते. दुरुस्त होणारा दोष आणि न होणारा दोष यांतला हा भेद पुढच्या काळातल्या बऱ्याच लेखनात आढळत नाही.

चिनी परंपरेतील सुन त्झूच्या ग्रंथात सेनापतीचे पाच घातक दोष दिले आहेत : मरणाला उतावीळ, जिवाला जपणारा, शीघ्रकोपी, अब्रूबद्दल हळवा आणि सैनिकांवर अतिमाया करणारा. पाचही दोष गुणांच्या अतिरेकातून येतात. ग्रंथ परंपरेने इ. स. पू. ५०० च्या सुमाराचा मानतात. बहुतेक आधुनिक अभ्यासक तो त्यानंतरच्या लढाऊ राज्यांच्या कालखंडात ठेवतात. १९७२ मध्ये शांतुंग प्रांतात सापडलेल्या बांबूपट्ट्यांमुळे सुन त्झूचा वंशज मानल्या जाणाऱ्या सुन पिन याचा ग्रंथ वेगळा असल्याचे निश्चित झाले.

रसद व आरोग्य

रसदीचा विचार मोहिमेच्या किती आधी व किती बारकाईने व्हावा, याचा उत्तम नमुना शिवाजी महाराजांच्या चिपळूणच्या छावणीतील जुमलेदारांना (घोडदळातील अधिकाऱ्यांना) पाठवलेल्या पत्रात आहे. ते १६७३ किंवा १६७४ च्या मे महिन्यातील असावे. राज्याभिषेकापूर्वीच्या हालचाली पाहता १६७४ अधिक जुळते. त्यातला हिशेब साधा आहे. पागेसाठी साठवलेला दाणा व गवत उन्हाळ्यातच उधळले, तर पावसाळ्यात काही मिळणार नाही आणि घोडी मरतील. मग उपाशी शिपाई कुणब्यांच्या घरून दाणे, गवत, भाजी उचलतील, आणि रयतेला मोगलांपेक्षा हेच वाईट वाटतील. गवताच्या गंजीजवळ चुली पेटवू नयेत, रात्री दिवा जळता ठेवू नये, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथवर सूचना आहेत. राजाने उंदराचा विचार करावा, हे वाचकाला नवल वाटते. पण गंज जळाली की घोडदळ बसते, आणि घोडदळाशिवाय मराठी युद्धपद्धतीच उरत नाही.

आरोग्याबाबत ब्रह्मदेशच्या आघाडीवरील स्लिम यांच्या चौदाव्या सेनेचे उदाहरण प्रमाण मानले जाते. या सेनेत भारतीय सैनिक बहुसंख्य होते. स्लिम यांनी नोंदवल्याप्रमाणे १९४३ मध्ये जखमी म्हणून मागे पाठवलेल्या प्रत्येक माणसामागे १२० जण आजारी म्हणून जात होते आणि एकट्या हिवतापाचे वार्षिक प्रमाण ८४ टक्के होते. हिवताप रोखणाऱ्या मेपाक्रिनच्या गोळ्या उपलब्ध होत्या, पण सैनिक त्या टाळत. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी वाटप केले, एवढ्याने काम होत नव्हते. म्हणून स्लिम यांनी अचानक रक्ततपासण्या सुरू केल्या. ९५ टक्क्यांहून कमी सैनिकांच्या रक्तात औषध सापडले, तर पलटणीचा प्रमुख बडतर्फ होई. तिघांना काढल्यावर बाकीच्यांना अर्थ कळला. जबाबदारी डॉक्टरांकडून प्रमुखाकडे हलवणे हा यातला निर्णायक भाग होता.

बातमी

वाईट सेनानीचे सर्वांत खात्रीचे लक्षण म्हणजे त्याच्यापर्यंत वाईट बातमी पोचत नाही, किंवा पोचली तर सांगणारा बदलला जातो. १९६२ मध्ये ईशान्य सीमेवरील थागला कड्यावरून चिनी सैन्य हटवण्याच्या योजनेला ३३ व्या कोअरचे प्रमुख उमराव सिंग यांनी रसदीच्या कारणावरून आक्षेप घेतला. ऑक्टोबरच्या आरंभी ते क्षेत्र त्यांच्याकडून काढून नव्या चौथ्या कोअरचे प्रमुख ब्रि. मो. कौल यांच्याकडे दिले गेले. कौल यांचा रणांगणावरील नेतृत्वाचा अनुभव तोकडा होता. सातवी ब्रिगेड नामका चू नदीच्या खोऱ्यात, वरच्या कड्यांवरून दिसणाऱ्या जागी, हिवाळी कपड्यांशिवाय आणि अपुऱ्या दारूगोळ्यानिशी बसवली गेली. ऑक्टोबरच्या मध्यात कौल आजारी पडून दिल्लीस गेले व तेथून सूत्रे हलवू पाहू लागले. २० ऑक्टोबरच्या पहाटेच्या हल्ल्यात ब्रिगेड एका दिवसात मोडली. दोष एकट्या कौल यांचा नव्हता; दिल्लीतील राजकीय व लष्करी नेतृत्वाने आक्षेप ऐकले नाहीत, हे त्याहून मोठे कारण दिसते. मात्र जागा डोळ्यांनी पाहिल्यावरही ती सोडण्याचा निर्णय घेतला गेला नाही, ही चूक सेनानीचीच.

याउलट पालखेडच्या मोहिमेत (फेब्रुवारी १७२८) बाजीरावांचे वेगापेक्षाही मोठे सामर्थ्य बातमीत होते. निजामाचा जड तोफखाना त्याच्या पाठोपाठ टिकणार नाही आणि बुऱ्हाणपुरास धोका दिसला की तो हलणार, हे आधी ओळखल्यामुळेच निजामाला तोफांपासून व पाण्यापासून तोडता आले. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला.

हुकूम

हुकूम देणाऱ्याला दिसते ते घेणाऱ्याला दिसत नाही, येथे बहुतेक घोटाळे होतात. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हा येथे ब्रिटिश सरसेनापती रॅग्लन टेकडीवर होता. शत्रू नेत असलेल्या तोफा त्याला दिसत होत्या. खाली दरीत असलेल्या लूकनला, म्हणजे घोडदळाच्या प्रमुखाला, त्या दिसत नव्हत्या. हुकुमात फक्त ‘तोफा’ होते, कोणत्या ते नव्हते. विचारणा झाली तेव्हा निरोप आणणाऱ्याने हातवारे केले, आणि हलके घोडदळ भलत्याच, समोरच्या तोफांवर गेले.

आधुनिक सैन्यांत हुकुमाचा साचा यासाठीच ठरलेला असतो : परिस्थिती, कामगिरी, अंमलबजावणी, रसद, आणि शेवटी नेतृत्व व संपर्क. कामगिरीमागचा हेतू सांगितला असेल, तर परिस्थिती बदलल्यावरही हाताखालचा अधिकारी योग्य दिशेने वागतो. हुकूम घेणाऱ्याकडून तो त्याच्या शब्दांत परत वदवून घेणे ही सर्वांत स्वस्त खबरदारी आहे, आणि घाईत तीच पहिली गळते. वेळेचा संकेतही आहे : हाती असलेल्या वेळेपैकी एकतृतीयांश स्वतः वापरावा, उरलेला खाली द्यावा. हल्ल्याला २४ तास असतील, तर ब्रिगेड ८ तास घेते, बटालियन उरलेल्या १६ पैकी ५ च्या आसपास, कंपनी साडेतीन, आणि प्लाटूनला सुमारे ७ तास मिळतात. ब्रिगेडने १६ तास घेतले, की प्लाटूनच्या हाती साडेतीनच उरतात. त्यात जमीन पाहणे, दारूगोळा वाटणे, जेवण व झोप बसत नाही. अशी फौज हरली की दोष प्लाटूनच्या सुभेदारावर येतो, जो अन्याय आहे.

पानिपत

अर्थशास्त्रातील बलव्यसने इतक्या संख्येने एकत्र आलेली मोहीम मराठ्यांच्या इतिहासात दुसरी नाही. मार्च १७६० मध्ये परतूरहून निघालेली फौज दूरवरून आलेली होती. तिच्यासोबत कुटुंबे, यात्रेकरू आणि बुणग्यांचा मोठा पसारा होता. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा जिंकल्यावर ती उत्तरेस असताना अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट तोडली. नोव्हेंबरपासून सुमारे अडीच महिने फौज पानिपतास अडकली. डिसेंबरात पेशव्यांचे उत्तरेतील अधिकारी गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर अंतर्वेदीतून (गंगा-यमुनेच्या दुआबातून) अब्दालीची रसद तोडण्याची आशा संपली, आणि उपासमार मराठी छावणीतच सुरू झाली.

कुटुंबे व जड सामान मागे ठेवण्याचा सुरजमल जाटाचा सल्ला भाऊंनी धुडकावला, अशी हकीकत बखरीत येते. बखरींतले संवाद नंतरचे व साहित्यगुणाचे असल्याने पुराव्यादाखल जपून वापरावे लागतात. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी बखरींतल्या उद्धट भाऊंच्या चित्रावर घेतलेले आक्षेप सबळ आहेत, आणि १४ जानेवारी १७६१ ची तोफांच्या आधाराने गोल (चहूबाजूंनी संरक्षण असलेली रचना) करून बाहेर पडण्याची योजना त्या अवस्थेत योग्यच होती. ती मोडली अंमलात. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा व पलटणी काम करीत असताना विंचूरकर व गायकवाड यांच्या घोडदळाने पुढे धाव घेतली आणि गारद्यांच्या माऱ्याची वाट अडली, असे सांगितले जाते. सरदारांचे घोडदळ आणि गारद्यांचे कवायती पायदळ यांना एका हुकमात चालवण्याचा सराव फौजेला नव्हता.

दुसरा फरक राखीव फौजेचा. प्रत्यक्षदर्शी काशीराजाच्या वृत्तांतानुसार दुपारी अफगाण फळी मागे रेटली गेली, तेव्हा अब्दालीकडे ताजी फौज शिल्लक होती आणि पळणाऱ्यांना मागे ढकलण्यासाठी माणसे नेमलेली होती. तो स्वतः मागे राहून हे सर्व पाहत होता. विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला. हे कृत्य उदात्त होते, पण त्या क्षणापासून पाऊण लाखांच्या वर जिवांना वाट दाखवणारे कोणी उरले नाही, आणि कौटिल्याच्या परिभाषेत भिन्नकूट फौज अन्ध झाली. नेसरीला फेब्रुवारी १६७४ मध्ये प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी विजापूरचा सरदार बहलोलखान याच्यावर तुटून पडले व मारले गेले, तेव्हा असे झाले नव्हते. त्यांचे सहकारी आनंदराव यांनी फौज सावरली, महिन्याभरात कर्नाटकात संपगावची पेठ लुटली आणि नंतर हंबीरराव मोहिते सरनोबत (सेनाप्रमुख) झाले.

आधुनिक संशोधन व निवड

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन डिक्सन यांनी १९७६ मध्ये लष्करी अकार्यक्षमतेचे कारण बुद्धिमांद्यात न शोधता अपयशाच्या भीतीत शोधले. अशी माणसे शिस्त, टापटीप व आज्ञापालन यांच्या जोरावर शांततेत वर चढतात आणि युद्धात अनिश्चिततेपुढे थिजतात, किंवा ठरलेल्या बेताला चिकटून बसतात. निरीक्षण उपयुक्त आहे. मृत सेनानींच्या बालपणावरून काढलेले मनोविश्लेषक निष्कर्ष मात्र सैल वाटतात.

भारतात अधिकारी निवडीची मंडळे १९४३ पासून आहेत. पाच दिवसांच्या चाचण्यांत पंधरा गुण तपासले जातात. ही चाळणी विशीतल्या उमेदवारासाठी आहे. पुढची बढती मुख्यतः वरिष्ठांनी लिहिलेल्या वार्षिक गोपनीय अहवालावर ठरते. वरिष्ठाला दिसतो तो अधिकारी आणि हाताखालच्याला दिसतो तो अधिकारी सारखाच असतो असे नाही. वाईट बातमी दाबणे, हुकूम उशिरा देणे, अपमान करणे हे दोष खालूनच आधी दिसतात.